संकलक आणि उरलेल्या ओव्या

मराठीत 'संकलक' हा शब्द आता दोन निरनिराळ्या खोल्यांत राहतो. एका खोलीत तो लोकगीते, म्हणी, जुनी पत्रे गोळा करून त्यांची मांडणी करणारा माणूस आहे. राजवाड्यांपासून सरोजिनी बाबरांपर्यंत अनेकांचे काम आपण या नावाने ओळखतो. दुसऱ्या खोलीत, परिभाषेने नेमून दिलेल्या अर्थाने, तो एक प्रोग्रॅम आहे : माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत नेऊन ठेवणारा 'कंपायलर'. भाषांतर करणाऱ्याला संकलक का म्हणावे, हा प्रश्न आम्हां दोघींना बरीच वर्षे पडत असे. आमच्या महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या सहकारी मॅडमनी त्याचे उत्तर दिले. १९५२ साली ग्रेस हॉपर यांनी 'ए-शून्य' नावाची जी प्रणाली केली, ती तयार आज्ञांचे तुकडे संग्रहातून शोधून एकत्र जुळवीत असे. म्हणजे ती खरोखरच संकलन करीत असे. पुढे काम बदलत भाषांतराचे झाले, नाव मात्र तेच राहिले.

आम्ही दोघी मराठीच्या अध्यापक. संगणकाशी आमचा संबंध टंकलेखन आणि निकालपत्रके एवढ्यापुरताच होता. परंतु गेल्या दोन वर्षांत या दोन्ही संकलकांची एकाच टेबलावर गाठ पडली, आणि त्या गाठीतून जे आमच्या ध्यानात आले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे वाटले.

प्रथम या यंत्र-संकलकाच्या स्वभावाविषयी. तो केवळ भाषांतर करीत नाही, तो संपादनही करतो. याला ऐतिहासिक कारण आहे. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये 'फोरट्रान' या भाषेचा कंपायलर आणला, तेव्हा हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेइतका वेग भाषांतरित आज्ञांना येईल यावर जाणकारांचा विश्वास नव्हता. भाषांतर संथ निघाले असते तर ते कोणी वापरलेच नसते. म्हणून त्या मंडळींनी पहिल्यापासूनच भाषांतरात काटछाट आणि फेरमांडणी करण्याची सोय ठेवली. या उद्योगाला 'ऑप्टिमायझेशन' म्हणतात. त्याला 'इष्टतमीकरण' असा प्रतिशब्द आहे. तो उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून आम्ही आपापसांत त्याला 'काटकसर' म्हणतो. या काटकसरीचे शास्त्र उभे करणाऱ्यांत फ्रान्सिस ॲलन यांचे नाव अग्रभागी आहे. २००६ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

काटकसरीच्या रीती अनेक आहेत. एखादी किंमत काढली पण पुढे कोठेच वापरली नाही, तर ती काढण्याची आज्ञाच वगळायची. एकच हिशेब दोनदा मांडला असेल तर एकदा करून उत्तर जपून ठेवायचे. पुनरावृत्तीच्या बाबतीत एक वेगळी युक्ती आहे. पंगतीत वाढताना प्रत्येक पानासाठी स्वयंपाकघरात परत न जाता एका खेपेत चार पाने वाढावीत, तसे हा संकलक एकेक पाळी चार-चारच्या गटाने उरकतो. मात्र पाने चारच्या पटीत नसतील तर उरलेल्या एक, दोन किंवा तीन पानांसाठी वेगळी छोटी खेप घालावी लागते. ही छोटी खेप वाचकांनी लक्षात ठेवावी.

या साऱ्या फेरफारांना एकच अट आहे. मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा चालला असता तर बाहेरून जे दिसले असते, तेच दिसले पाहिजे; आत काहीही बदला. 'जणू काही मूळच चालते आहे' असा भास टिकला म्हणजे झाले. सी आणि सी प्लस प्लस या भाषांच्या व्यवहारात याला 'जणू'चाच नियम म्हणतात. 'जणू' हा आमच्या वर्गात उत्प्रेक्षेचा वाचक शब्द. वर्गात आपण शिकवतो की उत्प्रेक्षेत उपमेय हे जणू उपमानच आहे अशी संभावना असते, प्रत्यक्ष अभेद नसतो. कंपायलरचा दोष म्हणजे काय, हे आम्हांला या व्याख्येवरून चटकन कळले. जेथे 'जणू' तुटते, मूळ एक सांगते आणि भाषांतर दुसरेच करते, तेथे तो दोष.

*

ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत ही काटकसर अधिक नाजूक होते. या पद्धतीचे मूळ ओस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी साठच्या दशकात घडवलेल्या 'सिम्युला' भाषेत आहे. पुढे ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'स्मॉलटॉक'ने तिला तत्त्वज्ञान दिले, तर 'सी प्लस प्लस' आणि 'जावा' यांनी ती सर्वत्र नेली. येथे प्रोग्रॅम म्हणजे नुसती आज्ञांची यादी नसते. त्यात वस्तू असतात, त्यांचे वर्ग असतात, आणि वस्तू एकमेकींना निरोप पाठवतात. एकच निरोप वेगवेगळ्या वर्गांतील वस्तू आपापल्या रीतीने पाळतात. 'गा' म्हटल्यावर ओवी एक करील, आरती दुसरे. निरोप धाडणाऱ्याला पलीकडे कोण आहे हे माहीत असण्याची गरज नाही.

पण या सौजन्याला वेळ लागतो. दर निरोपाला पत्ता शोधावा लागतो. म्हणून संकलक अंदाज करू लागतो : या ठिकाणी आजवर ओवीच आली आहे, तेव्हा पत्ता न शोधता थेट तिच्याच दारात जाऊ. अंदाज खरा तोवर वेग मिळतो. तो खोटा ठरला तर? 'सेल्फ' या भाषेवर काम करणाऱ्या संशोधकांनी, उर्स होल्झले, क्रेग चेंबर्स आणि डेव्हिड उंगार यांनी, १९९२ मध्ये माघारीची वाट दाखवून दिली. काटकसरीची आवृत्ती चालू असतानाच ती सोडून मूळ साध्या आवृत्तीत सुखरूप परतता येईल, एवढी माहिती जवळ बाळगायची. पुढे जावाच्या यंत्रणेतही ही कल्पना रुजली. धीटपणाला माघारीची सोय हवी, हा विचार आम्हांला फार आवडला.

या पद्धतीत प्रत्येक वस्तूला स्वतःचा उल्लेख करण्यासाठी एक सर्वनाम असते. सी प्लस प्लसमध्ये त्याचा अर्थ 'ही', म्हणजे 'मी स्वतः'. काही प्रोग्रॅमर मंडळी वस्तूच्या आत प्रारंभीच एक प्रश्न लिहून ठेवीत : मी आहे ना? नसेन, तर गुपचूप परत जा. २०१६ मध्ये आलेल्या 'जीसीसी' कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीने असे प्रश्न पुसायला सुरुवात केली. त्याचा तर्क बिनतोड होता. भाषेच्या नियमानुसार नसलेल्या वस्तूला निरोप पाठवताच येत नाही. ज्या अर्थी निरोप आला त्या अर्थी वस्तू आहेच. मग 'मी आहे ना?' हा प्रश्न निरर्थक. या तर्काने क्यूट आणि क्रोमियमसारखी मोठी कामेही अडखळली. तेव्हा जीसीसीच्या कर्त्यांनीच आपल्या निवेदनात तात्पुरता उपाय सांगितला होता : असे प्रश्न पुसू नयेत, अशी एक खास सूचना संकलकाला देता येते.

येथे दोष कोणाचा? नियमाने पाहिले तर संकलकाचा नव्हे. त्याने कराराचे अक्षर पाळले होते. वर्षानुवर्षे चालत आलेली वहिवाट तेवढी मोडली. वरवर सारख्याच दिसणाऱ्या दोन गोष्टी निराळ्या करणे ही या क्षेत्रातली पहिली शिस्त आहे : मूळ संहितेतच नियमभंग होता आणि काटकसरीने तो उघडा पाडला, की संहिता निर्दोष होती आणि काटकसरीने ती बिघडवली? मॅडम सांगतात की शंभरदा संशय घेतला तर बहुतेक वेळा पहिलेच उत्तर निघते. म्हणून जाणते लोक कंपायलरवर बोट दाखवण्यापूर्वी स्वतःचे लेखन तपासतात. पाठचिकित्सेतही दुर्बोध पाठ दिसला की 'लेखनिकाची चूक' म्हणून मोकळे होऊ नये, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच.

*

दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे खऱ्याखुऱ्या दोषाचे, एक उदाहरण भाषेच्या लोकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. २८ जुलै २०११ रोजी जावाची सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास 'ल्युसीन' आणि 'सोलर' या शोधप्रणालींच्या कर्त्यांनी जाहीर इशारा दिला की ही आवृत्ती आमच्या प्रणालींसोबत वापरू नका. पुनरावृत्तींची काटकसर करताना तिचा संकलक काही पाळ्यांचे चुकीचे भाषांतर करीत होता. कधी प्रोग्रॅम कोसळे, तर कधी न कोसळता चुकीची उत्तरे देई आणि शोधसूची बिघडवून ठेवी. हे प्रसिद्धीच्या अवघे पाच दिवस आधी उघडकीस आले होते. दुरुस्ती त्याच वर्षी ऑक्टोबरात आली. तोवरचा उपाय म्हणजे त्या विशिष्ट काटकसरीला नाव घेऊन मनाई करणे.

यात कोसळणारा एक भाग होता 'पोर्टर स्टेमर'. मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत इंग्रजी शब्दांचे प्रत्यय उतरवते : 'कनेक्टेड', 'कनेक्टिंग', 'कनेक्शन' यांतून 'कनेक्ट' एवढेच ठेवते, म्हणजे एक रूप शोधले तरी बाकीची सापडतात. 'घराला', 'घरातून', 'घरापाशी' यांतून 'घर' काढण्यासारखेच हे काम. प्रत्यय सोडवण्याच्या या व्याकरणी कामात तसूभर चूक नव्हती. चूक होती ती त्या व्याकरणाचे भाषांतर करणाऱ्या थरात, जेथे कोणताही वैयाकरण कधी डोकावत नाही.

*

आता आमच्या टेबलावरची गोष्ट.

आमच्या विभागाने तालुक्यातील गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा एक छोटा उपक्रम केला. या वाटेवर मोठी माणसे आधी चालून गेली आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून 'पारी'ने त्या सर्वांसाठी खुल्या करायला घेतल्या. आमचे काम त्या मानाने चिमूटभर : एकसष्ट बाया, अकराशेहून थोड्या अधिक ओव्या, विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरातील चौदा वह्या. त्यांची शब्दसूची करावी, कोणता शब्द कोणत्या बाईच्या कोणत्या ओवीत आला हे पाहता यावे, म्हणून मॅडमनी सी प्लस प्लसमध्ये एक प्रोग्रॅम लिहून दिला. त्यात प्रत्येक बाई ही एक वस्तू होती आणि तिच्यापाशी तिच्या ओव्यांची माळ होती.

सूची छापून आली आणि विभागात चार दिवस सर्वांच्या हातांत फिरली. पाचव्या दिवशी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी दारात येऊन म्हणाली, "मॅडम, यात माझी आजी नाहीये."

तिच्या आजीने तीनच ओव्या दिल्या होत्या. चौथी आठवेना, विजेची गिरणी आल्यापासून जाते कोपऱ्यात पडले, आणि जात्यासोबत गाणेही, असे ती म्हणाल्याची नोंद वहीत होती. वहीत तीन ओव्या होत्या. सूचीत आजीचे नावही नव्हते.

मॅडमनी शिस्तीप्रमाणे आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला. दोन दिवस ओळ न् ओळ वाचली, नियमभंग शोधणारी तपासणीची साधने लावली; काही सापडले नाही. मग काटकसर पूर्ण बंद करून तोच प्रोग्रॅम चालवला. आजी हजर! काटकसर चालू केली, आजी गायब. त्यांनी पाळीच्या आत एक ओळ घातली, की प्रत्येक ओवी वाचताना ती पडद्यावर दाखव. तर काटकसर चालू असूनही आजी परत आली. पाहू गेले की दोष लपतो, असा हा प्रकार. पण यात गूढ काही नाही. पडद्यावर दाखवणे ही बाहेरून दिसणारी क्रिया असल्यामुळे 'जणू'च्या नियमाने संकलकाचे हात बांधले जातात आणि तो ती पाळी पूर्वीसारखी चार-चारने मोडू शकत नाही.

तोवर आम्ही दोघींनी आमच्या जुन्या पद्धतीने, म्हणजे वही आणि पेन्सिल घेऊन, मोजणी केली होती. बारा ओव्यांची बाई पूर्ण होती. तेरा दिलेल्या बाईची एक गळली होती. सतरांपैकी सोळा, अठरांपैकी सोळा, एकोणिसांपैकीही सोळाच. आणि चारपेक्षा कमी ओव्या देणाऱ्या सातही जणी मुळीच नव्हत्या. ही यादी मॅडमपुढे ठेवताच त्या म्हणाल्या, "बस, सापडलं! उरलेल्या पानांची खेपच घातली जात नाहीये."

मग त्यांनी प्रोग्रॅम छाटत छाटत वीसेक ओळींवर आणला. त्यात ना ओवी राहिली ना बाई, नुसते आकडे. तरी दोष तसाच होता. दुसऱ्या एका कंपायलरवर तेच आकडे बरोबर आले, आणि त्याच कंपायलरच्या नव्या आवृत्तीवरही. दोष जुन्या आवृत्तीचा होता आणि आमच्या प्रयोगशाळेतील यंत्रांवर तीच होती. त्या यंत्रांवर दुसरे काही बसवायचे तर परवानगीचा कागद सत्र संपेपर्यंत फिरला असता.

वळसे अनेक होते. काटकसर सरसकट बंद करावी. ती त्या एका कार्यापुरती बंद करावी. पाळी वेगळ्या शब्दांत लिहावी. किंवा त्या संख्येवर 'व्होलटाइल' अशी खूण करावी. या खुणेचा अर्थ मोठा सुंदर आहे : ही किंमत चंचल आहे, मागच्या वेळी वाचली म्हणून पुन्हा वाचण्याचा कंटाळा करू नकोस. ओवीतील पुन्हा येणारी ओळ पाहून 'पुनरुक्ती' म्हणून काट मारणाऱ्या संपादकाला हेच सांगावेसे वाटते. पण या खुणेवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी २००८ मध्ये तेरा कंपायलर तपासले, तेव्हा तेराही जणांनी कोठे ना कोठे 'व्होलटाइल'चे चुकीचे भाषांतर केल्याचे आढळले. याच रेगर यांच्या यूटा विद्यापीठातील गटाने २०११ मध्ये यदृच्छेने रचलेले प्रोग्रॅम चारून सी कंपायलरांतील सव्वातीनशेहून अधिक अज्ञात दोष कळवले. उलट झावियेर लर्वा यांचा 'कॉम्पसर्ट' हा गणिती सिद्धतेने बांधलेला कंपायलर. त्याच्या सिद्ध न केलेल्या भागात त्यांना दोष सापडले. सिद्ध केलेल्या काटकसरीत मात्र, प्रोसेसरची सहाएक वर्षे भरतील इतका वेळ खर्चूनही, एकही चुकीचे भाषांतर सापडले नाही.

आमच्यापाशी सिद्धता नव्हती, वळसा होता. मॅडमनी त्या एका कार्यापुरती काटकसर बंद केली. त्यासाठी एक विचित्र दिसणारी ओळ लिहावी लागली, आणि त्या ओळीवर टीप लिहिण्याचे काम त्यांनी आमच्याकडे दिले. "पाच वर्षांनी कुणी हुशार मुलगा येईल, त्याला ही ओळ निरुपयोगी वाटेल आणि तो ती पुसेल. त्याला थांबवणारं मराठी तुम्हीच लिहा."

आम्ही लिहिले : "ही ओळ अनावश्यक नाही. ही काढल्यास प्रत्येक गायिकेच्या चारच्या गटात न बसणाऱ्या ओव्या सूचीतून गळतात, आणि ज्यांच्या ओव्या चारपेक्षा कमी आहेत त्या बाया पूर्णपणे नाहीशा होतात. कंपायलर बदलल्यास प्रथम तीन ओव्यांच्या बाईवर तपासावे, मगच ही ओळ काढावी." खाली कंपायलरच्या आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घातली.

*

दोघी मिळून इतकी वर्षे शिकवतो आहोत, प्रश्नपत्रिका काढतो, पुरवण्यांची मुद्रिते तपासतो. आमचाही व्यवसाय काटकसरीचाच आहे. कोणी दीड पानात लिहिलेले आम्ही अर्ध्या पानात बसवतो, आणि अर्थ जणू तोच राहिला असे मानतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा तिच्यात पुढे कोणी भर घालू नये असे बजावून ठेवले. काढण्याविषयी बजावणारे आम्हांला त्या मानाने कमी भेटतात. काढणे नेहमी नीटनेटके दिसते. गळालेले बोलत नाही आणि उरलेले व्यवस्थित भासते. ती सूची चार दिवस आमच्या हातांत होती आणि तिच्यात कोठेही भगदाड दिसत नव्हते.

शिवाय ही गळती सर्वांना सारखी नव्हती. शंभर ओव्यांच्या बाईला या दोषाचा उपसर्ग झाला नाही, आणि झाला असता तरी तीन ओव्यांपलीकडे नाही. सर्वस्व गेले ते जिच्यापाशी तीनच होत्या तिचे. वेग बहुसंख्यांच्या सोयीने मोजतात, आणि त्यात गैर काही नाही. सर्वांसाठी काटकसर बंद ठेवा असे मॅडमही म्हणत नाहीत, आम्हीही म्हणणार नाही. फक्त मूळ साध्या आवृत्तीकडे परतण्याची वाट मोकळी असावी, वह्या फेकू नयेत, आणि तपासायला बसताना पंगतीच्या टोकाकडून सुरुवात करावी.

मॅडमनी प्रोग्रॅमसोबत एक छोटी चाचणी कायमची जोडली आहे. सूची नव्याने करताना आधी तीन काल्पनिक ओव्या असलेली एक काल्पनिक बाई आत पाठवली जाते. ती सुखरूप बाहेर आली तरच पुढचे काम सुरू होते. त्या चाचणीचे नाव त्यांनी 'आजी' असे ठेवले आहे. दुरुस्त सूची आता विभागात ठेवली आहे. तिच्यात एकसष्ट बाया आहेत.